नोंदीचा धनी

माझ्या कार्यालयात खुर्चीच्या मागे एक हिरवे लोखंडी कपाट आहे. त्याची किल्ली मुख्याध्यापकाकडेच असावी असा शाळेचा जुना रिवाज. म्हणून ती माझ्या जुडग्यात, घराच्या किल्लीशेजारी असते. कपाटात शाळा सुरू झाल्यापासूनची प्रवेश रजिस्टरे आहेत. जुनी माणसे त्यांना जनरल रजिस्टर म्हणतात. शाळेचे इतर पुष्कळ कागद ठरावीक वर्षांनी रद्दीत काढता येतात. हे रजिस्टर मात्र कायम जपायचे असते. सर्वांत जुनी रजिस्टरे मुंबई राज्याच्या काळातली आहेत. त्यांतली मराठी अक्षरे टाकाने लिहिलेली, पालकांच्या काही सह्या मोडीतल्या. १९५६ साली राज्य बदलले आणि पुढे हळूहळू रकान्यांचे मथळे कानडीत छापून येऊ लागले. लिपी बदलली, शाई बदलली, रकाने मात्र बहुतेक तेच राहिले. अनुक्रमांक, नाव, वडिलांचे नाव, जात, मातृभाषा, जन्मस्थळ, जन्मतारीख आकड्यात आणि अक्षरात, आधीची शाळा, प्रवेशाची तारीख, अभ्यास, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख, कारण आणि शेवटी शेरा. एका मुलाचे सारे बालपण एका आडव्या ओळीत बसवलेले असते.

ही ओळ कोणाची? लिहिणाऱ्या शिक्षकाची, जपणाऱ्या शाळेची, मुलाला हाताला धरून आणणाऱ्या बापाची, की ज्याच्याविषयी ती लिहिली त्या मुलाची? हा प्रश्न मला प्रशिक्षणात कोणी विचारला नाही आणि मीही स्वतःला कधी विचारला नव्हता. तो पुढे उभा राहिला तो माझ्याच हातून घडलेल्या दोन गोष्टींमुळे. दोन्ही एकाच महिन्यातल्या. त्याला आता बारा वर्षे होऊन गेली. मुख्याध्यापकाच्या खुर्चीत मी नवा होतो.

पहिली गोष्ट अशी. एका दुपारी तिशी ओलांडलेला एक माणूस दारात येऊन उभा राहिला. आमचाच जुना विद्यार्थी, आता उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत कामाला होता. अंगावर कामाचेच कपडे होते. ''सर, माझी नोंद तेवढी दाखवा की,'' तो म्हणाला. कशासाठी, म्हणून विचारले तर त्याला नीट सांगता येईना. ''काय न्हाई, काय लिवलंय ते बघायचं हाय.'' मी म्हटले, ''रजिस्टर असं कुणालाही दाखवता येत नाही. ते सरकारी दप्तर आहे. दाखल्याची दुसरी प्रत हवी असेल तर अर्ज कर, फी भर.'' तो म्हणाला, ''दाखला हाय माझ्याकडं. रजिस्टर बघायचं हुतं.'' मी मान हलवली. तो ''बरं सर'' म्हणून निघून गेला. मी त्याला बस असेही म्हटले नाही. आपण दप्तर नीट सांभाळले, असे एक समाधानच त्या वेळी मनात होते.

त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी दुसरी गोष्ट घडली. दोन पांढरपेशे गृहस्थ आले. ओळखीच्या माणसाची चिठ्ठी होती. आमच्या एका माजी विद्यार्थिनीला त्यांच्याकडून स्थळ गेले होते. ''मुलगी चांगली आहे म्हणतात. शाळेत कशी होती तेवढं तुमच्या तोंडून कळलं तर बरं,'' असे त्यांचे म्हणणे. आपल्याकडे अशी चौकशी करणे कोणाला वावगे वाटत नाही, मलाही वाटले नाही. शिपायाला चहा सांगितला आणि कपाट उघडले. मुलगी हुशार होती, वर्तणूक उत्तम होती. पण नववीत एक वर्ष ती गैरहजर होती. शेऱ्याच्या रकान्यात 'आजारपण' लिहिलेले होते आणि तिच्या फाईलला डॉक्टरांचे सर्टिफिकेट टाचलेले होते. तिला त्या काळात फिट येत असत. पाहुण्यांपैकी एकाने मान पुढे करून ते वाचले. मीही मिटले नाही. चहा पिऊन, आभार मानून ते गेले.

ते लग्न जमले नाही. आठ-पंधरा दिवसांनी मुलीचे वडील बसस्टँडवर भेटले. शेतकरी माणूस, आवाज चढवला नाही की डोळे मोठे केले नाहीत. एवढेच म्हणाले, ''सर, लिवलेलं खोटं न्हवतं. खरं, ते आम्ही तुमच्याकडं ठेवायला दिलं हुतं, वाटायला न्हवे.''

त्यांची बस आली, ते गेले. त्या वाक्याचा अर्थ मी अजून लावतो आहे.

घरी येऊन मी दोन्ही प्रसंग एकापुढे एक ठेवून पाहिले. तेच कपाट, तीच किल्ली, तोच मी. ज्याची नोंद होती तो दारात उभा राहून विनवत होता, त्याला मी नियम सांगितला. ज्यांचा त्या नोंदीशी काडीचा संबंध नव्हता त्यांना खुर्ची दिली, चहा दिला आणि रजिस्टर उघडून दिले. हे नेमके उलटे झाले होते. मग हळूहळू लक्षात येत गेले की हा माझ्या एकट्याचा प्रमाद नव्हता. आपल्या शाळांची रीतच अशी उलटी आहे. मुलाविषयी जे लिहिले जाते ते आपण मुलापासून लपवतो आणि गावापुढे उघडे करतो.

याची उदाहरणे शोधायला लांब जावे लागत नाही. सहामाहीचे पेपर गुणांच्या उतरत्या क्रमाने वाटण्याची पद्धत मी स्वतः कित्येक वर्षे पाळली. शेवटचा पेपर हातात येईपर्यंत वर्गात एकच मूल उरते आणि त्याचे गुण वाचण्याआधीच सगळ्यांना कळलेले असतात. शिष्यवृत्तीचे अर्ज आले की वर्गात जाऊन ''अमुक जातीची मुलं उभी राहा'' असे सांगणारे शिक्षक माझ्या पाहण्यात आहेत. त्यांच्या मनात वाईट नसते. फॉर्म लवकर भरून व्हावेत एवढाच हेतू असतो. पण जो रकाना बापाने कार्यालयात हळू आवाजात सांगून भरला, तो मुलाला पन्नास जणांसमोर उभे राहून सांगावा लागतो. उलट त्याच मुलाने ''सर, माझ्या पेपरात दोन गुण कुठं गेले ते बघू का?'' असे विचारले, तर तो आगाऊ ठरतो.

आपण असे का करतो, याचा विचार करता मला एकच कारण सापडले. नोंद आपण लिहिली म्हणून ती आपली, अशी आपली समजूत आहे. सोनाराकडे दागिना मोडून घडवायला दिला तर घडणावळ सोनाराची, सोने आपले. गिरणीत दळण ठेवले तर पीठ गिरणीवाल्याचे होत नाही. शेजारीण आली आणि ''त्यांच्या डब्यातलं थोडं द्या'' म्हणाली तर गिरणीवाला देणार नाही. आणि ज्याचा डबा त्याने मागितला तर नाही म्हणणार नाही. एवढा साधा व्यवहार जात्यावरच्या बाईलाही कळत होता. शाळेच्या कपाटापाशी आलो की तो आपण विसरतो.

मला समाधान वाटले ते हाच विचार देशाच्या सर्वोच्च न्यायालयानेही मांडलेला वाचून. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ साली आला. त्यानंतर काही विद्यार्थ्यांनी आपल्या तपासलेल्या उत्तरपत्रिका पाहायला मागितल्या आणि परीक्षा मंडळांनी त्या नाकारल्या. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाचा एक मुद्दा असा होता की, उत्तरपत्रिका आमच्याकडे विश्वासाने ठेवलेली वस्तू आहे, म्हणून ती उघड करता येत नाही. ९ ऑगस्ट २०११ रोजी न्यायालयाने निकाल दिला तो विद्यार्थ्यांच्या बाजूने. त्यातला युक्तिवाद थोडक्यात असा: एखाद्याने विश्वासाने एखादी वस्तू किंवा कागद तुमच्याकडे दिला असेल, तर तो दुसऱ्याला न देणे हे तुमचे कर्तव्य आहे, पण ज्याने दिला त्यालाच तो नाकारण्यासाठी विश्वासाचे नाव पुढे करता येणार नाही. तपासनिसाचे नाव मात्र झाकावे, कारण त्याला उपद्रव होऊ नये, असेही न्यायालयाने सांगितले. बसस्टँडवर त्या शेतकऱ्याने एका वाक्यात जे सांगितले, तेच हे. ठेव ठेवणाऱ्याला उघडी, इतरांना बंद.

उत्तरपत्रिका दाखवायला लागलो तर तपासणारे बिचकतील, खटल्यांचा पाऊस पडेल, अशी भीती त्या वेळी अनेकांनी व्यक्त केली होती. आज दहावीच्या उत्तरपत्रिकेची प्रत फी भरून मिळते, कर्नाटकातही आणि महाराष्ट्रातही. आभाळ कोसळले नाही. उलट बेरजेच्या चुका उघड होऊ लागल्या आणि बेरीज करणारा जरा जपून करू लागला.

अमेरिकेत हा प्रश्न आपल्याआधी उभा राहिला. तिथे १९७४ साली एक कायदा झाला. मुलाची शैक्षणिक कागदपत्रे पाहण्याचा, त्यांतली चूक दुरुस्त करून मागण्याचा हक्क पालकांना मिळाला. पाहायला मागितल्यापासून पंचेचाळीस दिवसांच्या आत शाळेने ती दाखवली पाहिजेत. परक्याला दाखवायची तर, काही ठरावीक अपवाद सोडून, लेखी संमती पाहिजे. आणि मूल अठरा वर्षांचे झाले किंवा कॉलेजात गेले की हे सारे हक्क आईबापांकडून त्या मुलाकडे जातात. त्या कायद्याची मला ही शेवटची तरतूद सर्वांत विचार करायला लावणारी वाटते. आपल्या घरांत मूल तिशीचे झाले तरी त्याच्या गुणपत्रिकेचा धनी बापच असतो.

आता या विचाराला विरोध करणारे जे मुद्दे आहेत त्यांना टाळून चालणार नाही. त्यांतला सर्वांत बळकट मुद्दा त्या पाहुण्यांचा आहे. पुढे कधी ते मला म्हणू शकले असते, ''गुरुजी, आमच्याही मुलाच्या जन्माचा प्रश्न होता. आजार लपवून लग्न लावणे ही फसवणूक नाही का? तुम्ही खरे तेच सांगितले, मग वाईट काय केले?'' मी आयुष्यभर मुलांना खरे बोलायला शिकवले. सत्य सांगितल्याचा पश्चात्ताप करायचा, हे मलाही आरंभी अवघड गेले.

पण यावर विचार करता करता मला दोन गोष्टी दिसल्या. एक अशी की, सत्य सांगण्याचे कर्तव्य प्रत्येकाचे सारखे नसते. त्या पाहुण्यांना आजाराविषयी सांगायचे की नाही, केव्हा आणि कोणत्या शब्दांत, हे ठरवायचा अधिकार त्या मुलीचा आणि तिच्या घरच्यांचा होता; कर्तव्यही त्यांचेच होते. कदाचित पुढच्या बैठकीत ते स्वतःहून सांगणार असतील. त्यांना ती संधी मी ठेवली नाही. त्यांच्या तोंडची गोष्ट मी माझ्या तोंडाने सांगितली आणि त्यामुळे, जे प्रामाणिकपणे सांगितले जाणार होते, ते लपवलेले ठरले. वकील अशिलाचे, डॉक्टर रोग्याचे खरे तेच जाणतो. पण म्हणून तो चौकात सांगत नाही, आणि त्याला कोणी खोटे बोलणारा म्हणत नाही. गुरुजीला तेवढीही मर्यादा का नसावी?

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. रजिस्टरातली ओळ खरी होती, पण ती त्या वर्षापुरती खरी होती. पुढे औषधाने मुलगी बरी झाली, तिने दहावी केली, पुढे शिकली, हे त्या ओळीला माहीत नव्हते. कागद जिथे थांबतो तिथे तो माणसालाही थांबवून ठेवतो. चौदाव्या वर्षीचे आजारपण, पंधराव्या वर्षीची मारामारी, एकदा नापास होणे, घरातले भांडण, बापाचे दारूचे व्यसन, या साऱ्यांच्या खुणा शाळेच्या कागदांत कुठे ना कुठे असतात. माणूस त्यांतून बाहेर पडतो. त्याला बाहेर पडू देणे हेच तर शाळेचे काम. मग त्याच खुणा तिसाव्या वर्षी त्याच्या पुढ्यात आणून ठेवणारी शाळा आपलेच काम मोडीत काढते.

दुसरा मुद्दा आमच्या व्यवसायबंधूंचा. मुलाला किंवा पालकाला नोंद दिसणार असेल तर शिक्षक मोकळेपणाने लिहिणार नाहीत, सगळीकडे 'चांगला, चांगला' लिहून मोकळे होतील, असे ते म्हणतात. यात तथ्य नाही असे नाही. पण जे मुलासमोर वाचून दाखवायची हिंमत नाही ते त्याच्या पाठीमागे कायमच्या शाईने लिहून ठेवावे, याला मोकळेपणा म्हणावे का? ''गणितात मन लावत नाही'' हे मुलाला तोंडावर सांगता येते. ''स्वभावाने चोर आहे'' हे सांगता येत नाही, आणि जे सांगता येत नाही ते बहुधा लिहिण्याजोगेही नसते.

तिसरा मुद्दा पालकांचा, आणि तो मला अजून पुरता सुटलेला नाही. मुलाचे कागद आईबापांना दाखवावेत हे ठीक. पण सारेच का? एखादी दहावीतली मुलगी बाईंपाशी घरातली काही गोष्ट विश्वासाने बोलते आणि बाई ती समुपदेशनाच्या वहीत लिहून ठेवतात. ती वही बापाने मागितली तर? किंवा नवराबायको वेगळी झाली आहेत, मूल आईपाशी आहे, आणि बाप येऊन मुलाच्या घराचा नवा पत्ता मागतो. मी अशा वेळी गुण आणि हजेरी दाखवली आहे, पत्ता दिलेला नाही. बरोबर केले की चूक, मला ठामपणे सांगता येत नाही. एवढेच वाटते की, पालकाचा हक्क हा मुलाच्या वतीने चालवायचा हक्क आहे. मुलाच्या हिताशी तो जिथे भिडतो तिथे मुख्याध्यापकाने क्षणभर थांबले पाहिजे.

झाकण्या-उघडण्याइतकाच आणखी एक प्रश्न या कपाटात आहे, तो खऱ्या-खोट्याचा. आपल्या भागातल्या गावांत एक जूनला जन्मलेली माणसे इतकी का, हे वाचकांना ठाऊकच आहे. आईने सांगितलेले ''मोठ्या पावसाच्या साली, पोळ्याच्या सुमाराला'' रकान्यात मावत नसे. शाळा जूनमध्ये उघडे. मग गुरुजी मुलाच्या उंचीकडे बघून, वयाचा हिशेब करून एक जून ठोकून देत. त्या तारखेवर पुढे नोकरी लागली, त्याच तारखेला माणूस निवृत्त झाला. आज तर बालगुन्हेगार की प्रौढ, हे ठरवतानाही २०१५ च्या बालन्याय कायद्याप्रमाणे शाळेच्या जन्मतारखेचा पुरावा आधी पाहिला जातो. गुरुजींच्या एका फटकाऱ्याचे वजन केवढे!

आपल्या सीमाभागात नावाचीही तीच तऱ्हा. मराठी रजिस्टरात मुलाचे, बापाचे आणि आडनाव अशी सरळ ओळ असते. कानडी दप्तरात गेली की आद्याक्षरे पुढे येतात, आडनाव कधी राहते, कधी गळते. इंग्रजीत उतरताना 'चव्हाण' तीन तऱ्हांनी लिहिला जातो. एकच माणूस तीन कागदांवर तीन माणसे होतो आणि पासपोर्टच्या खिडकीपाशी त्याला आपण एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र करावे लागते. मातृभाषेच्या रकान्यात घाईने भलतेच लिहिले गेले तर काय होते, हे या अंकाच्या वाचकांना मी सांगायला नको. या चुका कोणाच्या लक्षात येणार? लिहिणाऱ्याच्या नाही, जपणाऱ्याच्याही नाही. ज्याचे नाव आहे त्यानेच ती ओळ वाचली तर येणार. ती त्याला वेळेवर वाचू द्यायची नाही आणि चाळिसाव्या वर्षी मात्र दुरुस्तीसाठी हेलपाटे घालायला लावायचे, हा कुठला न्याय?

मग कपाट परक्याला कधीच उघडायचे नाही का? तसेही नाही. साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या रजिस्टरात ७ नोव्हेंबर १९०० या तारखेला भिवा रामजी आंबेडकर या मुलाच्या प्रवेशाची नोंद आहे. ती आज सगळ्या देशाची ठेव आहे. २०१७ पासून महाराष्ट्रात तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. २०२३ साली महाराष्ट्रात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा शाळांची जुनी रजिस्टरे पुन्हा बाहेर आली. पणजोबांच्या नावापुढचा एक शब्द शोधताना नातवंडांचे डोळे कसे भरून येतात, हे मीही पाहिले आहे. जे गेले त्यांच्या नोंदी वारसांच्या आणि काळाच्या ओघात इतिहासाच्याही होतात. पण जो जिवंत आहे, ज्याला उद्या त्याच गावात तोंड दाखवायचे आहे, त्याची नोंद इतिहास म्हणून वाचायची घाई आपण करू नये.

आज हे सारे लिहायचे कारण असे की, कपाटाला आता एक किल्ली उरलेली नाही. मुलांची माहिती संगणकावर भरावी लागते. आमच्या राज्याची एक प्रणाली, केंद्राची दुसरी. आता प्रत्येक विद्यार्थ्याला 'अपार' नावाचा बारा अंकी क्रमांक देण्याची योजना आहे, तिच्यासाठी पालकांची संमती घ्यायची असते. संमतीचा कागद मुलाच्या दप्तरातून जातो आणि बहुधा न वाचताच सही होऊन परत येतो. वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर चाचणीचे गुण, फी थकलेल्यांची यादी, शिष्यवृत्तीची यादी पडते आणि दहा मिनिटांत ती गावभर होते. पूर्वी दोन पाहुण्यांना चहा पाजून मी जे केले, ते आता बोटाच्या एका टिचकीने दोनशे घरांत होते.

कायदा आपल्या परीने पुढे येतो आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले की, खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. २०१८ च्या निकालात शाळाप्रवेशासाठी आधार सक्तीचे करता येणार नाही, असे ठरले. २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा संसदेने केला. त्यात अठरा वर्षांखालील प्रत्येकाला मूल मानून पालकांच्या संमतीची अट घातली आहे. पण तो कायदा संगणकावरच्या माहितीपुरता आहे, किंवा जी कागदावरून संगणकावर चढवली तिच्यापुरता. माझ्या हिरव्या कपाटातल्या, टाकाने लिहिलेल्या ओळी त्याच्या कक्षेत येत नाहीत. त्यांचा पहारा ज्याच्या हाती किल्ली आहे त्याच्या सदसद्विवेकावरच आहे. आणि शिक्षकखोलीत बसून चहाबरोबर ''त्या अमक्याच्या घरचं कळलं का?'' असे जे आपण बोलतो, त्यावर तर कुठलाच कायदा चालणार नाही.

आम्ही शाळेत दोन साध्या गोष्टी सुरू केल्या. दहावीनंतर दाखला देण्यापूर्वी मुलाला पालकांसह बोलावतो, रजिस्टर त्याच्यापुढे ठेवतो आणि त्याची ओळ त्याला मोठ्याने वाचायला सांगतो. चूक असेल तर तिथेच अर्ज घेतो. शेजारच्या ओळींवर पुठ्ठ्याची पट्टी ठेवतो, म्हणजे दुसऱ्याचे दिसत नाही. आणि कोणी तिऱ्हाईत चौकशीला आला तर चहा जरूर देतो, पण सांगतो, ''त्या मुलीची सही असलेली चिठ्ठी आणा, मग बोलू.'' आजवर अशी चिठ्ठी घेऊन एकही जण परत आलेला नाही. काही जण रागावून गेले.

उद्यमबागेतल्या त्या माणसाला मी निरोप पाठवून बोलावून घेतले. तो आला तेव्हा पहिल्यांदा खुर्चीत बसवले. मग रजिस्टर काढून त्याच्यासमोर उघडले. त्याने आपली ओळ बोटाने शोधली, वर्तणुकीच्या रकान्याशी आला आणि थांबला. तिथे 'चांगली' असे लिहिले होते. शेऱ्याचा रकाना कोरा होता. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग त्याने सांगितले. नववीत असताना वर्गातल्या कोणाचे तरी पैसे गेले होते आणि एका शिक्षकांनी त्याला सगळ्यांसमोर बजावले होते, ''तुझं नाव रजिस्टरात लाल शाईनं लिहून ठेवतो, जन्मभर पुसणार नाही.'' पैसे त्याने घेतले नव्हते. शाळा सोडताना दाखल्यावर काही दिसले नाही, पण दाखला वेगळा आणि रजिस्टर वेगळे, हे त्याने कोणाकडून तरी ऐकले होते. आता मुलाला याच शाळेत घालायचे होते आणि कपाटातली ती लाल ओळ मुलाच्या वाट्याला येईल का, ही धास्ती त्याला होती. जी ओळ कधी लिहिलीच गेली नव्हती, तिला भिऊन त्याने अठरा वर्षे काढली होती. मी त्या दुपारी दोन मिनिटे कपाट उघडले असते तर निदान शेवटचे काही महिने तरी वाचले असते.

त्याचा मुलगा पुढे आमच्याच शाळेतून दहावी झाला. आपली ओळ त्याने आमच्यासमोर खणखणीत आवाजात वाचली.

त्या मुलीला मात्र मी अजून भेटलेलो नाही. तिच्या वडिलांची क्षमा मी मागितली. त्यांनी ''जाऊ दे सर'' म्हणून हात जोडले. पण नोंद त्यांची नव्हती, तिची होती. तिची क्षमा मागायची राहिली आहे. तिचे पुढे काय झाले याची चौकशी दहा ठिकाणी करता आली असती. ती मी जाणून केली नाही. ती कधी दाखल्यासाठी शाळेत आली, तर तिला काय सांगायचे ते मी मनाशी ठरवून ठेवले आहे.